मेळघाटला निघताय? आधी गाडी बघून घ्या

कुणी शेतात कापूस वेचता वेचता ऐकत असाल, कुणी चुलीपुढे भाकरी थापता थापता. हात चालू राहू द्या, कान तेवढे इकडे द्या.

सोयाबीन घरात आलं की आपल्या गटांना दौऱ्याचे वेध लागतात. या वर्षी आपल्या भागातल्या तीन गटांनी मेळघाटात जायचं ठरवलंय. लवाद्याचं संपूर्ण बांबू केंद्र बघायचं, तिथं बांबूच्या काय काय वस्तू करतात ते शिकून घ्यायचं, आणि वेळ उरला तर चिखलदऱ्याला एक चक्कर मारायची. मागच्या डिसेंबरात आमचा गट जाऊन आला, म्हणून आता रोज कुणाचा ना कुणाचा फोन येतो. ताई, तिथं थंडी किती असते? ताई, स्वेटर पुरेल की गोधडी घेऊ? ताई, भाकरी बांधून न्यायची का तिथं जेवण मिळतं? गाडी कशी बघायची, हे मात्र अजून एकीनंही विचारलेलं नाही. म्हणून आजचं बोलणं गाडीवर.

तुम्ही म्हणाल, गाडीचं काम गाडीवाल्याचं, आपल्याला त्यातलं काय कळतं? मला हे पटत नाही. आपल्या आजीच्या वेळी जत्रेला बैलगाडी निघायची, तेव्हा आदल्या दिवशी आसाला वंगण घातलं का, धाव सैल झाली का, जू तडकलंय का, हे घरातल्या बायासुद्धा विचारायच्या. कारण गाडीत पोरंबाळं त्यांचीच बसायची. आता गाडीला बैलाऐवजी इंजिन आलं, एवढाच फरक. शिलाई मशीनला तेल कधी घालायचं हे तुम्हाला कळतं, विहिरीवरच्या मोटरचा आवाज बदलला की तुम्ही लांबून ओळखता. मग गाडीचं का कळणार नाही?

आता रस्ता कसा आहे ते आधी डोळ्यांपुढे आणा. हिंगोलीहून वाशिम, अकोला, अकोट, अंजनगाव सुर्जी करत परतवाडा. हा झाला सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढचा पल्ला. इथवर काळजी नाही, दर दहा-पंधरा किलोमीटरवर गाव आहे, पंक्चरवाला आहे, चहाची टपरी आहे. परतवाडा सोडलं की घाट लागतो आणि जंगल सुरू होतं. घटांग, सेमाडोह, हरिसाल, धारणी. हे शंभरेक किलोमीटर व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातले. देशात १९७३ साली पहिले जे नऊ व्याघ्र प्रकल्प झाले त्यातलं मेळघाट एक. वळणांचा रस्ता, मधे लांबच लांब पट्टे असे की एक घर नाही आणि मोबाइलला एक कांडी नाही. डिसेंबरात पावणेसहाला सूर्य डोंगराआड जातो आणि तासाभरात दातावर दात वाजायला लागतात. अशा जागी गाडी बंद पडली तर मेकॅनिकला बोलवायला फोन लागत नाही. तेव्हा जे काय बघायचं ते घरून निघायच्या आधी बघायचं.

पहिलं काम गाडी ठरवताना. मालक भाड्याचं बोलतो, किलोमीटरला किती आणि दिवसाला कमीत कमी किती. आपण त्याला आधी गाडीचा नंबर मागायचा. नंबरप्लेट पिवळी आहे ना, हे विचारायचं. पांढऱ्या प्लेटची गाडी घरच्या वापराची असते. ती भाड्यानं नेली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी पैसे द्यायला नाही म्हणू शकते. पाचशे रुपये कमी पडतात म्हणून शेजारच्या भाऊजींची पांढऱ्या प्लेटची गाडी घेणाऱ्या गटांनी हे लक्षात घ्यावं. नंबर मिळाला की गटातल्या शिकलेल्या पोरीच्या मोबाइलवर एम-परिवहन ॲप उघडायचं आणि नंबर टाकायचा. विम्याची मुदत, फिटनेसची मुदत, पीयूसी, सगळं समोर येतं. यात मालकाला राग यायचं कारण नाही. आपण कर्ज देताना कागद बघतो तेव्हा कुणी रागावतं का?

आणि आरसी बुकावर किती जणांना बसायची परवानगी आहे तेही बघायचं. आमची क्रूझर होती, चालक धरून तेरा. आम्ही अकरा जणी गेलो. एक जागा मुद्दाम मोकळी ठेवली. यावर गटाच्या बैठकीत चांगलं तासभर भांडण झालं. एक काकू म्हणाल्या, "बाराव्या बाईची वर्गणी आली असती तर माणशी शंभर-सव्वाशे वाचले असते. मोकळ्या जागेवर काय हवेला बसवणार?" शेवटी हात वर करून मत घेतलं आणि जागा मोकळी ठेवायची असं ठरलं. कुणाला उलट्या होतात, कुणाला कंबर धरल्यावर आडवं व्हावं लागतं. त्या जागेचं पुढं काय झालं ते सांगते, आधी गाडी बघून होऊ द्या.

गाडी निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मागवायची. पहाटे चारला दारात येऊन हॉर्न वाजवणारी गाडी अंधारात काय बघणार तुम्ही? आम्ही मालकाला फोनवरच सांगितलं होतं की उजेड असताना गाडी पाठवा, नाहीतर दुसरी बघतो. आली. सोबत चालकदादा, तरणा पोरगा. आम्ही पाच जणी गाडीभोवती फिरायला लागलो तसा हसायला लागला. "ताई, तुम्ही निवांत बसा ना. गाडी एक नंबर आहे."

म्हटलं, दादा, एक नंबर आहे तर स्टेपनी दाखव.

स्टेपनी खाली उतरवली तर टायर तळहातासारखं गुळगुळीत. एका बाजूनं तार बाहेर आलेली. आणि हवा? अंगठ्यानं दाबलं तर आत गेलं. चारही चालू टायर ठीक होते, म्हणजे मालकाला टायर कळत नव्हतं असं नाही. स्टेपनी कोण बघतंय, असा त्याचा हिशेब. फोन लावला तर म्हणाला, "बाई, पाच वर्षं झाली, त्या स्टेपनीची गरज पडली नाही." मी म्हटलं, शेठ, आमच्या गटाचा विमा दहा वर्षं आहे, कुणी मेलं नाही, तरी हप्ता भरतोच ना आम्ही? एक तास घासाघीस झाली. आगाऊ दिलेले दोन हजार परत मिळणार नाहीत म्हणाला. कोषाध्यक्ष मावशींनी सरळ सांगितलं, दोन हजार गेले तरी चालतील, या स्टेपनीवर गाडी निघणार नाही. रात्री नऊला दुसरं टायर आलं. घरोघरी कुरकुर झाली ती वेगळीच. एकीचे सासरे म्हणाले, बायका जायच्या आधीच भांडायला लागल्या.

टायर कसं बघायचं ते आता नीट ऐका, हे सगळ्यांना जमतं. टायरच्या खाचांमधे खाली छोटे उंचवटे असतात. टायर घासत घासत त्या उंचवट्यांच्या बरोबरीला आलं की ते संपलं. तेव्हा खाच दीड मिलिमीटरच्या आसपासच उरलेली असते. मग टायरच्या बाजूवर हात फिरवायचा. कुठे फुगवटा लागला तर ते टायर घाटात न्यायचं नाही, आतून फाटलेलं असतं. बाजूला एका लंबगोलात चार आकडे लिहिलेले असतात, त्यावरून टायरचं वय कळतं. पहिले दोन आकडे आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. ३५१९ असेल तर २०१९ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यात बनलेलं. खाचा चांगल्या दिसल्या तरी म्हाताऱ्या टायरचं रबर तडकलेलं असतं, आपल्या टाचेच्या भेगांसारखं. हवा सकाळी गाडी फिरायच्या आधी भरायची. टायर गरम असताना मापली तर काटा जास्त दाखवतो, आणि मग थंडीच्या पहाटे हवा कमी भरते.

स्टेपनी चांगली असून भागत नाही, ती लावता यायला हवी. जॅक आहे का, त्याचा दांडा आहे का, नटाचा पाना याच गाडीच्या नटांना बसतो का? हे तिन्ही आम्ही बाहेर काढून बघितलं आणि चालकदादाला म्हटलं, एक चाक काढून दाखव. तो म्हणाला, आत्ता? म्हटलं, आत्ता. मग आम्हीही हात लावला. आधी लाकडी ठोकळे दुसऱ्या चाकाला पुढून-मागून लावायचे. नट गाडी जमिनीवर असतानाच ढिले करायचे, गाडी उचलल्यावर ढिले करायला गेलं की चाकच फिरतं. नट हलत नसेल तर पान्यावर पाय देऊन अंगाचं वजन टाकायचं. आमच्या अध्यक्षबाईंनी टाकलं तसा करकर वाजून नट फिरला, सगळ्या हसून हसून बेजार. जॅकखाली बाभळीचं जाड फळकूट घ्यायचं, नाहीतर रस्त्याकडेच्या मुरमात जॅक रुततो. आणि उचललेल्या गाडीखाली हातपाय घालायचे नाहीत, काहीही पडलं तरी.

बॉनेट उघडायला सांगायचं. बघायच्या गोष्टी चारच आहेत. इंजिन ऑइलची पट्टी काढायची, फडक्यानं पुसायची, परत घालून काढायची. तेल दोन खुणांच्या मधे दिसलं पाहिजे. हे इंजिन थंड असताना आणि गाडी सपाट जागी असताना. दुसरं, रेडिएटरचं पाणी. शेजारी जी प्लॅस्टिकची टाकी असते तिच्यावर कमी-जास्तच्या खुणा असतात, पाणी त्यांच्यामधे हवं. नुसतं नळाचं पाणी असेल तर कूलंट भरायला सांगा. कूलंट घातलेलं पाणी लवकर उकळत नाही आणि आत गंज धरत नाही. घाट चढताना इंजिन तापतं तेव्हा त्याचा उपयोग. तापलेल्या रेडिएटरचं झाकण मात्र कधी उघडायचं नाही, कुकरची शिट्टी न काढता झाकण उघडल्यासारखं होईल, वाफेनं तोंड भाजेल. तिसरा पट्टा. अंगठ्यानं दाबून बघा, लुळा नको, आणि त्याला चिरा नकोत.

चौथी बॅटरी, आणि हिवाळ्यात खरी खोड हिच्यात निघते. तुमच्या घरची खोबरेल तेलाची बाटली आठवा. उन्हाळ्यात पाण्यासारखं तेल, पौषात उन्हात ठेवल्याशिवाय बाहेर येत नाही. इंजिनातलं तेल तितकं गोठत नाही, पण थंडीनं जड होतंच. म्हणजे इंजिन फिरवायला ताकद जास्त लागते. आणि नेमकी त्याच वेळी थंडीनं बॅटरीची ताकद कमी झालेली असते. म्हणून इथं आरामात चालू होणारी गाडी तिथं पहाटे नुसती घरघर करते. बॅटरी तीन-चार वर्षांची झाली असेल तर चालकाला विचारा, सकाळी पहिल्या चावीला उठते का? टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी साचली असेल तर मालकाच्या माणसाकडून साफ करून घ्या, वर थोडं व्हॅसलिन लावलं की परत लवकर साचत नाही. डिझेल गाडीला चावी अर्धी फिरवल्यावर काट्यांच्या जागी गुंडाळलेल्या तारेसारखा एक दिवा लागतो. तो विझेपर्यंत थांबायचं, मग पुढे फिरवायचं. घाईनं चावी मारत राहिलं की बॅटरी उतरते, आणि मग अकरा बायांनी मिळून धक्का.

यावरून सांगते. आपल्या गावातली जी पोरं फौजेत लेह-लडाखला आहेत, त्यांच्या आया विचारतात की तिथं गाड्या चालतात तरी कशा? तिथं तर डिझेलच गोठतं. डिझेलात मेणासारखा एक अंश असतो, तो फार थंडीत घट्ट होऊन गाळणीत अडकतो. म्हणून इंडियन ऑइलनं २०१९ साली लडाखसाठी हिवाळ्याचं वेगळं डिझेल आणलं, ते शून्याखाली ३३ अंशांपर्यंत वाहतं राहतं. आणि रेडिएटरात साधं पाणी ठेवलं तर त्याचा बर्फ होतो, बर्फ फुगतो आणि लोखंड फोडतो. मेळघाटात एवढं काही नाही, घाबरू नका. कूलंट आणि चांगली बॅटरी पुरे.

आता ब्रेक. इथं जरा थांबून बोलते. परतवाड्यापर्यंत ब्रेक कसाही असला तरी चालकाचं निभतं. घाटात निभत नाही. गाडी मोकळ्या मैदानात हळू चालवून ब्रेक दाबायला लावा. गाडी एका बाजूला ओढते का, चीं चीं आवाज येतो का? पेडल पहिल्या दाबालाच कडक लागलं पाहिजे, दोन-तीनदा मारावं लागत असेल तर गाडी परत पाठवा. चढावर उभी करून नुसत्या हँडब्रेकवर धरून ठेवायला सांगा.

दुसरी गोष्ट चालवण्याची. बरेच चालक डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडतात, काही तर इंजिनही बंद करतात. हे आपण होऊ द्यायचं नाही. गिअरमधे असलेली गाडी इंजिन स्वतः धरून ठेवतं. न्यूट्रल केली की सगळा भार ब्रेकवर. सारखा ब्रेक दाबून दाबून तापतो, जळका वास येतो आणि मग दाबला तरी लागत नाही. इंजिन बंद असेल तर आणखी वाईट, ब्रेकला आणि स्टेअरिंगला इंजिनाची जी मदत असते ती जाते. ज्या गिअरवर चढ चढलो असतो त्याच गिअरवर उतरायचं, एवढं साधं आहे. पुढच्या सीटवर आम्ही मुद्दाम न घाबरणारी, बोलकी बाई बसवली होती. घटांगच्या अलीकडे गाडी उताराला हलकी वाटली, तसं तिनं विचारलं, "दादा, गिअरमधे आहे नं?" दादा गप्प. पण गिअर पडल्याचा आवाज आला.

दिवे बघायला दोन बाया लागतात. एक पुढं उभी, एक मागं. मोठा दिवा, डिपर, दोन्ही बाजूंचे इंडिकेटर, ब्रेकचा लाल दिवा. पहाटे घाटात धुकं असतं. धुक्यात मोठा दिवा लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते, उजेड आपल्याच डोळ्यात परत येतो. डिपर लावायचा आणि हळू जायचं. बारा जणांच्या श्वासानं काचेला आतून वाफ धरते, तेव्हा बोटभर खिडकी उघडी ठेवायची आणि चालकाजवळ कोरडं सुती फडकं द्यायचं. पदरानं पुसू नका, काच अजून चिकट होते. वायपरचं रबर आणि त्याच्या पाण्याची टाकी, तीही एकदा बघा.

डिझेल परतवाड्यातच टाकी गच्च भरून घ्यायचं. पुढं धारणीपर्यंत पंपाच्या भरवशावर राहायचं नाही. हिशेब सोपा आहे. सपाटीला लिटरमागे बारा किलोमीटर देणारी गाडी घाटात आठ-नऊच देते. जाऊन-येऊन दोनशे किलोमीटर म्हणजे बावीस-पंचवीस लिटर, वर वाट चुकली किंवा मागं फिरावं लागलं तर त्याचं दहा. टाकी अर्धी उरली की भरायची, काटा लाल खुणेवर जायची वाट बघायची नाही. कॅनमधे डिझेल घेऊन गाडीत ठेवू नका, वासानं निम्म्या बायांना उलट्या होतील आणि आगीची भीती वेगळी. जाता जाता सांगते, डिसेंबरच्या वीस तारखेपासून परतवाड्याजवळ बहिरमची यात्रा भरते, महिनाभराच्या वर चालते. त्या दिवसांत परतवाड्यात गर्दी होते, तेवढा वेळ धरून निघा. हंडीतलं मटण आणि रोडगे खायचा मोह होणारच, तो परतीच्या वाटेवर पूर्ण करा. जाताना करू नका, अंधार पडेल.

अंधाराचं मी मुद्दाम बोलतेय. जंगलातला टप्पा दिवसाउजेडीच पार करायचा. नाक्यावर वनखात्याची माणसं असतात, त्यांना वेळ विचारायची आणि ते सांगतील तसं वागायचं. तिन्हीसांजेला सांबर, रानगवे रस्त्यावर येतात. रानगवा म्हणजे आपल्या दोन बैलांएवढा. त्याला गाडी धडकली तर तोही जातो आणि आपणही.

परतताना आम्ही धारणीहून दुपारीच निघालो. चार वाजून गेले असतील, सेमाडोहच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला एक जीप उभी. नवरा-बायको, एक म्हातारे बाबा आणि शालीत गुंडाळलेलं दीड-दोन वर्षांचं पोर. टायर पंक्चर, आणि स्टेपनी होती ती त्याहून वाईट, खाली बसलेली. अडीच तासांपासून उभे. दोन गाड्या गेल्या म्हणे, पण थांबल्या त्या भरलेल्या होत्या. पोराचे ओठ थंडीनं फुटलेले, आई नुसती त्याला छातीशी धरून बसलेली. आमची मोकळी जागा त्या आईला आणि पोराला मिळाली. नवरा आणि बाबा जीपजवळ थांबले, त्यांना आम्ही दोन चादरी आणि दशम्या दिल्या. आईला-पोराला सेमाडोहला आणलं, तिथं नाक्यावर सांगितलं, आणि त्यांनी टायरसाठी माणूस पाठवायची सोय केली. ज्या काकूंनी मोकळ्या जागेवर वाद घातला होता त्यांनीच ते पोर मांडीवर घेतलं होतं. नंतर कुणी तो विषय काढला नाही, मीही काढला नाही.

आता एक जिवाची गोष्ट. थंडी वाजते म्हणून काचा बंद करून, इंजिन चालू ठेवून गाडीत झोपायचं नाही. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्याला वास नाही, रंग नाही. सायलेन्सर कुठं फुटला असेल तर तो गाडीत शिरतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग झोप लागते आणि माणूस उठत नाही. शेगडी किंवा निखाऱ्याची घमेली गाडीत नेली तरी तेच होतं. म्हणून गाडी चालू करून सायलेन्सरचा आवाज ऐका, फाटका भरभर आवाज येत असेल तर दुरुस्त करून घ्या.

आणि यात सगळ्यात जास्त सापडतो तो चालक. आपण मुक्कामाच्या जागी गाद्यांवर झोपतो, त्याची सोय कुणी बघत नाही. तो बिचारा काचा लावून गाडीत झोपतो, आणि थंडी सोसवली नाही की चावी फिरवतो. आम्ही खर्चाच्या अंदाजातच चालकाची गादी, रजई आणि जेवण लिहिलं होतं. काही जणींना ते जास्तीचं वाटलं. पण रात्रभर कुडकुडलेल्या माणसाच्या हातात सकाळी घाटाचं स्टेअरिंग द्यायचं आहे, हे विसरून कसं चालेल? २०२५ पर्यंत लागू असलेल्या मोटार कामगारांच्या कायद्यात दिवसाला आठ तास काम आणि पाच तासांनंतर अर्धा तास विसावा असं होतं. आपण रात्री देवदर्शन करून, पहाटे निघून, त्याच्याकडून चौदा तास गाडी हाकून घेतो आणि मग तो पेंगला की नावं ठेवतो. जाताना अकोल्याला अर्धा तास थांबलो, तेव्हा दादाला आधी झोपू दिलं, आम्ही चहा घेतला.

सोबत काय न्यायचं ते थोडक्यात. बॅटरी आणि तिचे जास्तीचे सेल, जाड दोर, लाल त्रिकोण, पाण्याचे दोन कॅन, माणशी एक पांघरूण हातात येईल असं, टपावर बांधलेलं नव्हे. रोजच्या गोळ्या, पॅड, उलटीच्या पिशव्या. दशम्या, चटणी, गूळ-शेंगदाणे एक वेळ जास्त पुरतील एवढे. वानरांना खायला टाकू नका, ती मग गाड्यांखाली येतात. जंगलात खाली उतरून शेकोटी करू नका आणि गाडी वाळल्या गवतावर उभी करू नका, खालचा सायलेन्सर चुलीसारखा तापलेला असतो.

परतवाडा सोडताना गावाकडे एक फोन करायचा. कुठल्या रस्त्यानं जातोय, गाडीचा नंबर काय, धारणीला साधारण किती वाजता पोचू. ज्या मैत्रिणीला सांगाल तिनं तेवढ्या वेळानंतर अजून दोन तास वाट बघायची आणि फोन आला नाही तर ११२ वर कळवायचं. घरी बसलेल्या बाईचं हे काम आहे, तिनं ते वहीत लिहून समोर ठेवायचं. कुणी आजारी पडलं तर १०८ आहेच, पण रेंज असेल तिथूनच लागेल.

आपल्यातल्या काही जणींना ठाऊक असेल, २०१७ पासून आजीविका ग्रामीण एक्सप्रेस नावाची योजना आहे. तिच्यात गटाच्या बाईला गाडी घ्यायला साडेसहा लाखांपर्यंत बिनव्याजी कर्ज संघामार्फत मिळायची तरतूद होती, गाडी मागास भागात प्रवाशांसाठी चालवायची. ती आपल्याकडे सध्या कशी चालू आहे, ते मी ग्रामसंघाच्या पुढच्या बैठकीत तालुक्याच्या ताईंना विचारणार आहे. उद्या आपल्याच गटाची गाडी झाली तर टायर, ऑइल, बॅटरी बघायला आपणच लागणार.

परत आल्यावर आम्ही वहीत एक पान लिहिलं. किती किलोमीटर झाले, डिझेल किती लागलं, काय बिघडलं, मालक कसा बोलला, चालक कसा चालवतो. पुढच्या महिन्यात जाणाऱ्या तिन्ही गटांना त्या पानाची नक्कल मिळेल. गाडी तीच ठरवली तरी स्टेपनी पुन्हा उतरवून बघा, वर्षभरात ती कुठल्या कुठल्या गाडीला लागून आली असेल काय सांगावं. येत्या गुरुवारी बाजाराच्या दिवशी, दुपारी तीन वाजता, ग्रामसंघाच्या ऑफिससमोर एक क्रूझर उभी असेल. तिच्या मालकाला विचारून ठेवलंय. चाक काढायचं आणि लावायचं, प्रत्येक गटातून दोघी-दोघी या. जुनी साडी नेसून या, हात काळे होणार आहेत.